फॅरेडेवर शाळेची नाटिका, पारा न वापरता त्याची मोटार कशी दाखवायची? मदत हवी आहे

जुजबंदी:
नमस्कार मंडळी. माझा धंदा बाईंडिंगचा, पुण्यात, वडिलांपासून चालत आलेला. विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. लेक आठवीत आहे, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला वर्गाची पंधरा मिनिटांची नाटिका आहे, विषय मायकेल फॅरेडे, विजेवर शोध लावणारा इंग्रज शास्त्रज्ञ. हे लोढणं मीच गळ्यात बांधून घेतलं, कारण बाई म्हणाल्या की तो आधी बुकबाईंडर होता, मग म्हटलं हा तर आपल्या धंद्यातला माणूस, मीच लिहितो.

आतापर्यंत जमवलेलं असं : जन्म १७९१, बाप लोहार, घरची गरिबी. चौदाव्या वर्षी लंडनमध्ये ब्लँडफर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रीबो याच्या दुकानात उमेदवारीला लागला, सात वर्षं. बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा आणि मालक वाचू द्यायचा. हे मला लगेच पटलं, फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, घडी घालताना नजर पानावर जातेच हो, मी स्वतः एका डॉक्टरांची हाडांवरची जाडजूड बुकं अशीच अर्धी वाचलीत, कळलं काही नाही ते सोडा. मग १८१२ मध्ये एका गिऱ्हाईकाने दिलेल्या तिकिटांवर हम्फ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्रज्ञाची चार व्याख्यानं ऐकली, टिपणं आकृत्यांसकट स्वच्छ उतरवून काढली, बांधली आणि डेव्हीलाच पाठवली. तीनशेच्या आसपास पानं, म्हणजे सोळा पानी फर्मा धरला तर एकोणीस फर्मे. ते पुस्तक मी स्टेजसाठी खरंच जुजबांधणी करून, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवून, देणार आहे, खळ लावून, त्यात मला कुणी शिकवू नका :)

अडलंय ते पुढे.
१. त्याची १८२१ ची मोटार, म्हणजे वीज सोडली की चुंबकाभोवती फिरणारी तार, दाखवायची आहे, पण त्यात तारेचं टोक पाऱ्याच्या वाडग्यात बुडलेलं असतं. एक पालक म्हणाले जुन्या बीपी मशीनमधला पारा आणतो, बाईंनी हातच जोडले. दुसरं काय करता येईल?
२. तो दुकानात असताना नेमकं काय वाचायचा? नावं हवीत, नुसतं 'विज्ञानाची पुस्तकं' म्हटलं की प्रवेश उभा राहत नाही.
३. शेवटाला तो मंत्र्याला म्हणतो की 'साहेब, एक दिवस तुम्ही या विजेवर कर लावाल', हे घेऊ का? टाळ्या पडतील.

निवृत्त_बाई:
दादा, आधी तिसरं. तो कराचा किस्सा ग्लॅडस्टन या ब्रिटिश मंत्र्याच्या नावावर सांगतात, कधी दुसऱ्याच मंत्र्याच्या. त्या वेळचा लेखी पुरावा कुठेच नाही, फॅरेडे गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी छापला गेलाय. विज्ञान दिनाच्या नाटिकेत तरी नको.

दुसऱ्यासाठी मात्र तुमच्या हाताशी सोनं आहे. दोन नावं पक्की. एक, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला विजेवरचा लेख. तो लिहिणारा जेम्स टायटलर म्हणजे १७८४ मध्ये एडिंबरोला गरम हवेच्या फुग्यातून उडालेला वल्ली, कायम कर्जात बुडालेला. आणि दुसरं जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं पुस्तक, १८०५ च्या अखेरीस निघालं, सुरुवातीला त्यावर त्यांचं नावसुद्धा नव्हतं. त्यांनी डेव्हीची व्याख्यानं ऐकली, आधी नीट कळली नाहीत, घरी कुणाशी तरी बोलल्यावर कळली, म्हणून पुस्तकच संवादाचं केलं : शिकवणाऱ्या मिसेस बी आणि दोन मुली, एमिली आणि कॅरोलिन. एमिली शहाणी, कॅरोलिन जरा वाह्यात, मधेच भलतं विचारणारी. म्हणजे तुमचा अर्धा प्रवेश मार्सेटबाईंनी दोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय. एका बाजूला पुस्तक शिवणारा पोरगा, दुसऱ्या बाजूला पुस्तकातल्या तिघी जिवंत होऊन बोलतायत. वर्गात मुली जास्त असतील तर भूमिकाही सुटतात. फॅरेडेने मोठा झाल्यावरही या बाईंचं ऋण मानलं, स्वतःचे शोधनिबंध तो त्यांना पाठवायचा.

वायरमन७२:
पारा विसरा, मिठाच्या पाण्यातही करतात पण पाण्यातून करंट फार कमी जातो, तार जेमतेम सरकते, वरून बुडबुडे आणि क्लोरीनचा वास, स्टेजवर शोभा होईल. सोप्पं सांगतो. बटणासारखा निओडिमियम मॅग्नेट (छोटा पण जोरदार चुंबक) घ्या, त्यावर साधा पेन्सिल सेल उभा करा, तांब्याची तार पत्त्यातल्या बदामाच्या आकारात वाकवायची, वरचं टोक सेलच्या टोपीवर टेकलेलं आणि खालची दोन टोकं मॅग्नेटच्या कडेला हलकी लागलेली. गरागरा फिरते. तत्त्व तेच, करंट वाहणारी तार चुंबकाजवळ आडवी ढकलली जाते. तार १८-२० गेज, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे तुकडा फुकट मिळेल. सेल शॉर्ट होतो म्हणून गरम होतो, दहा-पंधरा सेकंदांत काढायचा, आणि लिथियमचा सेल अजिबात नको.

शनिवारचा_वाचक:
१८२१ चा प्रसंग घेताय तर एक गोष्ट सोडू नका. १८२० मध्ये अर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने दाखवलं की विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, त्यावर सगळीकडून निबंधांचा पाऊस पडला, कुणाचा कुणाला मेळ नाही. फॅरेडेच्या एका संपादक मित्राने त्याला सांगितलं की बाबा, वाचकांसाठी या सगळ्याचा एकत्र आढावा लिहून दे. हा गडी नुसतं वाचून लिहिणारा नव्हता, प्रत्येक प्रयोग स्वतः करून बघत गेला आणि त्यातच सप्टेंबर १८२१ मध्ये तार फिरली. म्हणजे जगातली पहिली विजेची मोटार मासिकातला लेख लिहिता लिहिता सापडली म्हणा ना! आढावा त्याच्या नावाशिवाय छापला गेला. स्वतःचा शोध मात्र घाईने छापला, त्यात याच कल्पनेवर आधी काम करणाऱ्या वोलॅस्टन या शास्त्रज्ञाचा उल्लेख राहिला, मग चोरीचा आळ आला, फार मनस्ताप झाला त्याला. नंतर त्याने खिशात मावेल एवढं तयार यंत्र करून ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांना पाठवलं, की तुम्हीच फिरवून बघा. मला तरी कराच्या किश्श्यापेक्षा हा शेवट आवडेल.

जुजबंदी:
बाई, तुमचे उपकार कसे फेडू, तिघींचा प्रवेश काल रात्री लिहून काढला. वायरमनभाऊ, तुमचं मात्र चालत नाहीये. मॅग्नेट आणला, तार वाकवली, सेल बदलला, ढिम्म हलत नाही. लेक म्हणते बाबा तुम्ही बाईंडिंगच करा.

वायरमन७२:
तारेवरचं वार्निश खरडलंत का? रिवाइंडिंगची तार नुसती तांब्याच्या रंगाची दिसते, वर इनॅमलचा थर असतो. तिन्ही टोकं ब्लेडने खरडून चकचकीत करा. आणि खालची टोकं मॅग्नेटला घट्ट आवळू नका, नाहीतर तीच ब्रेक लावतात.

निवृत्त_बाई:
तोवर अजून एक प्रयोग घ्या, हा तर तुमच्या दुकानातल्याच मालावर होतो. जुलै १८१२ मध्ये, अजून बाईंडिंगच करत असताना, फॅरेडेने मित्राला पत्रात कळवलंय की सात तांब्याची नाणी, सात जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले सहा कागद यांची बॅटरी केली. आपली आत्ताची बहुतेक नाणी चालणार नाहीत, ती स्टीलची. घरात आजोबांचे भोकाचे जुने तांब्याचे पैसे असतील तर उत्तम, जस्तासाठी हार्डवेअरमधले जीआय वॉशर, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी चकत्या. मध्ये पुठ्ठ्याच्या चकत्या, पहिली बॅटरी करणाऱ्या व्होल्टानेही १८०० साली पुठ्ठाच वापरला होता. ओल्या हव्यात पण निथळलेल्या, पाणी कडेने ओघळलं की सगळं शॉर्ट. लाल एलईडी मंद का होईना लागतो, नाही लागला तर पाय उलटे करून बघा. दिवे मालवायला सांगा.

जुजबंदी:
फिरली!!! वार्निशच होतं. लेकीने दोन सेल संपवले आणि बोट भाजून घेतलं, आई चिडलीय. भोकाचे पैसे आमच्याकडे पाचच निघाले, उरलेले दोन जुन्या बाजारात बघतो, पुठ्ठा काय, पोतंभर कात्रण पडलंय.

आता एकच. मिसेस बी मराठीत बोलणार तर मुलींनी तिला हाक काय मारायची? मॅडम म्हटलं की आत्ताची शाळा वाटते.

निवृत्त_बाई:
बीबाई म्हणा.