टर्बो डिझेल गाडी : ऑईल कमी होतंय, निळा धूर येतोय, टर्बो खरंच गेलाय का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे, जरा सविस्तर लिहितोय कारण अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार. गाडी दीड लिटरची टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), 2013 चं मॉडेल, दीड लाख किमीच्या आसपास चाललेली, कोल्हापुरात असते आणि आंबा घाटातून रत्नागिरीला नेहमी जाणं-येणं.

सकाळी थंड इंजिन स्टार्ट केलं की धूर जवळपास नाहीच. पण एसी लावून पाच-दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली आणि मग ॲक्सिलरेटर दाबला की मागून निळसर धुराचा लोट येतो आणि ऑईल जळाल्याचा वास, थोडं अंतर गेलं की बंद. हायवेला एका स्पीडने चालवताना काही दिसत नाही. ऑईल साधारण दोन हजार किमीला लिटरभर कमी होतंय, कूलंट मात्र जिथल्या तिथे. शिवाय पार्किंगमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली थेंब पडलेले असतात. इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी) खालचा होज काढला तर आतून बऱ्यापैकी ऑईल आलं. घाटात पिकअप किंचित कमी वाटतो पण शिट्टीसारखा आवाज वगैरे नाही.

एक गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेला, नवीन टाका. दुसरे म्हणतात हाफ इंजिन (इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलणं) करावं लागेल. दोघांनीही काहीच खोलून बघितलेलं नाही. घरी आईवडील वयस्कर आहेत, रात्री-अपरात्री हीच गाडी लागते, त्यामुळे खर्चाला माझी ना नाही पण नेमकं कारण कळल्याशिवाय एवढा पैसा घालायला मन धजत नाही. आधी काय तपासून घेऊ?

—

घाटमाथा :
भाऊ, कूलंट कमी होत नाही आणि धूर निळा आहे म्हणजे हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, ते गेलं की कूलंट आत जळतं) विचार सध्या बाजूला ठेवा. काळा धूर असता तर एअर फिल्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), इंजेक्टर, फाटलेला होज हे बघायला सांगितलं असतं. तुमचं ऑईलच जळतंय, प्रश्न एवढाच की ते टर्बोतून येतंय की इंजिनातून.

टर्बोला ऑईल प्रेशरने येतं पण परत चेंबरमध्ये (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीत) जाताना पंप नसतो, ते नुसतं स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. आता ब्रिदर (इंजिनाच्या आत साठणारा गॅस बाहेर सोडणारी वाट) चोक झाला असेल तर इंजिनात गॅसचं प्रेशर साठतं, ऑईलला उतरायला वाट मिळत नाही आणि ते टर्बोच्या सीलमधून दोन्हीकडे, हवेच्या आणि धुराच्या बाजूला, बाहेर पडतं. जागेवर चालू असताना टर्बोत हवेचा दाब फारसा नसतो म्हणून तेव्हाच जास्त झिरपतं आणि तुम्ही पाय दिला की साठलेलं सगळं जळतं. तेच प्रेशर क्रँकच्या (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) मागच्या, गिअरबॉक्सकडच्या सीलमधूनही ऑईल ढकलतं, म्हणजे तुमचे जोडाखालचे थेंब आणि धूर या दोन्हीचं मूळ एकच असू शकतं! म्हणून पहिला ब्रिदर आणि टर्बोचा रिटर्न पाईप साफ करून घ्या, एअर फिल्टरही बघा. हे न करता नवीन टर्बो बसवला तर तोही तसाच गळायला लागेल.

टर्बो बघायचाच असेल तर इंजिन थंड असताना इनटेकचा पाईप काढून शाफ्ट बोटाने हलवा. बाजूला किंचित हलला तर चालतं, तो ऑईलच्या पातळ थरावरच तरंगतो. पण आत-बाहेर खेळ जाणवला किंवा पाती घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो गेला.

—

पॅकिंग आणि सील :
वरच्यांशी सहमत. फक्त थेंब पडतात तिथेच गळती आहे असं धरू नका, ऑईल वाऱ्याने मागे आणि खाली जातं. टॅपेट कव्हरचं (इंजिनचं सगळ्यात वरचं झाकण) पॅकिंग किंवा टर्बोच्या ऑईल पाईपचा तांब्याचा वॉशर गळत असला तरी थेंब गिअरबॉक्सपाशीच दिसतो. इंजिन धुवून कोरडं करा, गाडी थोडी फिरवा आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधा. गिअरबॉक्स उतरवायचं नंतर.

आणि टर्बो उतरवलाच तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातून टर्बोकडे धूर नेणारा पाईप) आत बघायला सांगा. टर्बोच्या आधीच ओलं असेल तर ऑईल इंजिनातून येतंय, आधी कोरडं आणि पुढे ओलं असेल तर टर्बोतून. हाफ इंजिनवाल्यांना आधी कंप्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का ते मोजणं) करायला लावा.

—

धागाकर्ता :
खूप आभार दोघांचे. आज ब्रिदर खोलून घेतला, आत काळा चिकट गाळ, हवा जातच नव्हती जवळपास. साफ केल्यावर इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण काढलं तर हलकी फुंकर येतेय, जोरात नाही. रिटर्न पाईप उद्या. पण धूर अजून येतोय, म्हणजे टर्बोच का?

—

घाटमाथा :
एवढ्यात ठरवू नका. फुंकर हलकी आहे म्हणजे पिस्टनच्या रिंगा बऱ्या दिसतायत, ही चांगली गोष्ट. इंटरकूलर उतरवून आतलं ऑईल पूर्ण काढा, सायलेन्सरमध्ये साठलेलं जळायला थोडे दिवस लागतील. इंटरकूलर साफ होईपर्यंत घाटात जाऊ नका, मनापासून सांगतोय. तिथलं ऑईल एकदम इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन त्याच्यावरच पळत सुटतं आणि चावी काढूनही बंद होत नाही. तसं झालंच तर वरचा गिअर टाकून ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडायचा म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं, बॉनेट उघडून हात घालायचा नाही. ऑईल सपाट जागेवर थंड असताना डिपस्टिकवर बघून किमी लिहून ठेवा, वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका, आणि हजार किमीनंतर आकडा इथे टाका, मग टर्बोचं बघू.