विश्वशास्त्रज्ञाची कारकीर्द सायटेशनवर मोजावी का?

उत्तररात्र
पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या, जागेसाठी आलेले अर्ज चाळायला यंदा मीही होतो. पहिल्याच बैठकीत समोर एक्सेलची शीट आली: नाव, पीएचडीचं वर्ष, पेपर किती, सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरांत दिलेले त्यांचे संदर्भ) किती, एच-इंडेक्स किती. कुणीतरी शेवटच्या रकान्यावर क्लिक केलं, शीट उतरत्या क्रमाने लागली आणि खालचे निम्मे अर्ज उघडलेच गेले नाहीत. मी गप्प बसलो. ती रुखरुख अजून जात नाही, म्हणून लिहितोय.

(ज्याच्या 20 पेपरांना प्रत्येकी किमान 20 सायटेशन आहेत, पण 21 पेपरांना प्रत्येकी किमान 21 नाहीत, त्याचा एच-इंडेक्स 20. होर्हे हिर्श यांनी हे माप 2005 साली सुचवलं.)

विश्वशास्त्रज्ञ राल्फ आल्फर आठवा. 1948 मध्ये त्याने आणि रॉबर्ट हर्मनने मांडलं की विश्वाच्या तप्त सुरुवातीचं प्रारण आजही सगळीकडे पसरलेलं असणार, तापमान साधारण 5 केल्विन. 1965 मध्ये पेन्झिअस आणि विल्सन यांच्या अँटेनात ते सापडलं, मापन आलं 3.5 केल्विन. त्यांच्या पेपरात या भाकिताचा उल्लेख नाही. सोबत छापलेल्या, त्या प्रारणाचा अर्थ लावणाऱ्या प्रिन्स्टनच्या गटाच्या पेपरातही तो 5 चा आकडा नाही. 1978 चं नोबेल अँटेनावाल्यांना मिळालं. आल्फर 1955 मध्येच जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेला होता, हर्मन त्यानंतर जनरल मोटर्समध्ये वाहतुकीचं गणित करत होता. आमच्या शीटमध्ये दोघेही तळाला गेले असते. माझ्या मते हे माप विश्वशास्त्रात वापरूच नये.

मोजपट्टी
उदाहरण चटका लावणारं आहे, पण ते तुमच्याच विरोधात जातं. आल्फर मागे पडला तेव्हा एच-इंडेक्स नव्हताच. होती ती नावांची वट. 1948 च्याच एप्रिलमध्ये त्याच्या प्रबंधावरचा पेपर आला, तेव्हा त्याचा गाईड गॅमो याने त्यात नामवंत भौतिकशास्त्रज्ञ बेथेचं नाव घातलं, आल्फा-बीटा-गॅमा जुळावं म्हणून. बेथेने त्यात काम केलेलं नव्हतं. दोन मोठ्या नावांमध्ये तो विद्यार्थी कुणाला दिसणार होता?

माझे गाईड कुणाला माहीत नव्हते. त्यांच्या शिफारसपत्राला काडीची किंमत नव्हती. माझ्या पीएचडीतला एक पेपर अनोळखी लोकांनी वापरला, सायटेशन वाढत गेली, म्हणून मला मुलाखतीला बोलावलं. तो आकडा काढून घ्या, मग उरते फक्त ओळखपाळख. ज्यांच्याकडे ती आहे त्यांना आकडा नकोसा वाटणारच.

धूसर
दोघांनी एक गोष्ट सोडली: सायटेशन नेमकं कशाचं होतं? श्लेगेल, फिंकबायनर आणि डेव्हिस यांचा 1998 चा पेपर म्हणजे आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा नकाशा. दूरची दीर्घिका बघायची तर मध्ये ही धूळ येतेच, तिने किती प्रकाश अडवला ते वजा करावं लागतं. म्हणून जो तो त्याचा संदर्भ देतो. ही खरी सेवा आहे, त्या आकड्याबद्दल मला आदरच आहे.

उलट बाजूला दक्षिण ध्रुवावरचा बायसेप-2 हा प्रयोग. मार्च 2014 मध्ये जाहीर झालं की स्फीतीच्या, म्हणजे विश्व सुरुवातीला क्षणार्धात प्रचंड फुगलं त्या काळातल्या, गुरुत्वलहरींची खूण सापडली. पेपरांचा पूर आला, प्रत्येकात त्यांचा संदर्भ. 2015 च्या सुरुवातीला प्लँक उपग्रहाच्या आकड्यांसोबत पुन्हा विश्लेषण झालं, तर त्या संकेतातला मोठा वाटा याच धुळीचा निघाला. ती सायटेशन तशीच मोजली जातात. आणि प्लँकच्या पेपरांवरच्या लांबलचक लेखकयादीत कुणी काय केलं, हे शीट कसं सांगणार? सब घोडे बारा टक्के.

उत्तररात्र
मोजपट्टी, तुमचा अनुभव वाचून थांबलो. ओळखीच्या बाजूने मी बोलत नव्हतो, पण माझ्या मागणीचा शेवट तिथेच होतो हे लक्षात आलं नव्हतं. ‘वापरूच नये’ हे शब्द मागे घेतो.

तरी बेल्जियन शास्त्रज्ञ लमेत्र राहतोच. विश्वाचं प्रसरण त्याने 1927 मध्ये मांडलं, प्रसरणाचा दरही काढला, पण फ्रेंचमध्ये, ब्रुसेल्सच्या एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात. 1931 च्या इंग्रजी भाषांतरात दराचा तो भाग गाळला गेला, आणि गाळणारा तो स्वतःच होता. दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगाने ती दूर जाते, या हबलच्या नियमाला ‘हबल-लमेत्र’ म्हणावं, ही शिफारस खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2018 मध्ये केली. सायटेशन पोचायला नव्वद वर्षं लागली. पोस्टडॉकचा करार दोन-तीन वर्षांचा असतो.

मोजपट्टी
1927 साली आर्काइव्ह, म्हणजे छपाईआधीचे पेपर (प्रीप्रिंट) टाकायचं संकेतस्थळ, नव्हतं. आज प्रीप्रिंट टाकला की सकाळपर्यंत सगळीकडे पोचतो.

धूसर
पोचतो, पण वाचला जातो का? तिथे दिवसाला किती पेपर येतात ते बघा.

उत्तररात्र
पुढच्या बैठकीत मी एवढंच मागणार आहे: शीट आडनावांच्या क्रमाने लावा, प्रत्येक अर्जदाराकडून त्याने स्वतः निवडलेला एक पेपर घ्या, आणि आपण अर्ज वाटून घेऊन ते खरोखर वाचू.

मोजपट्टी
वाचा. पण माझा आकडा त्या शीटमधून पुसू नका. वाचून झाल्यावर त्या रकान्याकडे बघा.