कापडाआधी शिवण उसवते

बोटीच्या आसनांसाठी सागरी वापराचे व्हिनाइलच (प्लास्टिकचा थर दिलेले कापड) घ्यावे, घरातल्या सोफ्याचे रेक्झिन चालणार नाही, हे या चर्चेत आधी मांडलेले मत मला पूर्णपणे पटते; मात्र शिवणीच्या दोऱ्याचा विषय अजून कोणी काढलेला नाही, आणि माझ्या अनुभवात आसन सर्वांत आधी तिथेच हार मानते. मी एकदा उत्तम व्हिनाइल आणून ते साध्या सुती दोऱ्याने शिवून घेतले होते. दुसऱ्याच वर्षी, कापड नव्यासारखे दिसत असताना, कडेची शिवण नुसत्या बोटाने ओढताच सरसर सुटत गेली आणि दोऱ्याचा भुगा हाताला लागला.

सुती दोरा ओलाव्याने कुजतो, तर नायलॉनचा दोरा मजबूत असला तरी उन्हात लवकर कमजोर होतो. म्हणून अतिनील किरणांना टिकणारा पॉलिएस्टर दोरा घ्यावा, आणि आसन कायम उघड्यावर राहणार असेल तर पीटीएफईचा (टेफ्लॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लास्टिकचा), कारण उन्हाने तो जवळजवळ झिजतच नाही. तो बराच महाग असतो, पण पुन्हा शिवण्याचे कष्ट वाचतात. टाके फार दाट घालू नयेत, कारण व्हिनाइलला पडलेले सुईचे छिद्र बुजत नाही आणि जवळजवळच्या छिद्रांच्या रेषेवर ते ताण येताच फाटते.