युरिया ‘सेंद्रिय’ कसा?

मालदांडी: अकरावीच्या टिपणात लिहिलं, ‘युरिया हे नायट्रोजन असलेलं सेंद्रिय संयुग आहे.’ मंगळवेढ्याचे मामा वाचून भडकले. “चार वर्षं युरियाचं पोतं बांधावर येऊ दिलं नाही, तवा रान सेंद्रिय झालं. आन् तू युरियालाच सेंद्रिय म्हणतोस?” ‘कार्बनी’ लिहू का? आणि नत्र की नायट्रोजन?

निवृत्त मास्तर: सेंद्रियच लिहा. स + इंद्रिय. असे पदार्थ सजीवाच्या देहातच होतात, अशी जुनी समजूत. तिला तडा दिला तो युरियानेच. १८२८ साली व्योलरने अमोनियम सायनेटपासून तो प्रयोगशाळेत केला, मूत्रपिंडाची मदत न घेता.

कार्बनी: म्हणजे शब्द तेव्हाच खोटा ठरला! दोनशे वर्षं ओढायचा कशाला?

निवृत्त मास्तर: कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन आहे, तरी तो असेंद्रिय. तुमच्या शब्दात त्याचं काय करणार?

खतवाला: आमच्या दुकानात नायट्रोजन कुणी मागत नाही. नत्र, स्फुरद, पालाश. युरियात ४६ टक्के नत्र, पोत्यावर छापलेलं असतं.

मालदांडी: खरंय, पण ‘अमाइनमधला नत्र’ लिहिलं की मुलांना खतच दिसतं. प्रथिनं, डीएनए, निकोटीन, सगळ्यांत तो आहे हे सांगायचंय.

पेठेतला: नत्र म्हणजे न + त्र. जो त्राण करत नाही तो. नुसत्या नत्रात उंदीर कोंडला तर मरतो.

कार्बनी: काय सांगूलालास बे! ‘नायटर’ला धोतर नेसवलंय, बास. नायटर म्हणजे शोरा. शाप्तालने १७९० मध्ये नायट्रोजन नाव दिलं ते शोऱ्यावरूनच.

पेठेतला: लाव्हाझिएने त्यालाच ‘अझोट’ म्हटलं, म्हणजे निर्जीव. अर्थ जुळतोच की.

रंगखात्यातला: त्या अझोटवरूनच आमचे अ‍ॅझो रंग. दोन नायट्रोजन दुहेरी बंधाने जोडलेले. वडील चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होते. नॅफ्थॉलचा लाल काढायचा की बर्फाच्या लाद्या यायच्या, आम्ही पोरं तुकडे पळवायचो. बेसपासून केलेला डायझो नॅफ्थॉलशी जुळला की लाल होतो, पण त्याला ऊब सोसत नाही. फुटतो, नायट्रोजन बुडबुडे होऊन उडून जातो आणि सूत फिकं पडतं. वडील एवढंच म्हणायचे, “बेस गेला.” त्यांना ना नत्र ठाऊक, ना नायट्रोजन.

निवृत्त मास्तर: ‘बेस’ला मराठीत आम्लारी म्हणतात.

रंगखात्यातला: कारखान्यात म्हणून बघा, मास्तर. चहासुद्धा मिळणार नाही.

मालदांडी: मामांना काय सांगू ते राहिलंच.

खतवाला: हुरडा संपेपर्यंत काही सांगू नका.

पेठेतला: बर्फाचा तो कारखाना अक्कलकोट रोडचा का? आम्हीपण तिथंच पळवायचो.