रास्पबेरी पाय ३, ४ आणि ५ साठी एकच बिल्ड: एमसीपीयू काय ठेवू?

टर्मिनलवेडा:
मंडळी, रास्पबेरी पाय ३, ४ आणि ५ अशा तिन्ही बोर्डांवर ६४-बिट जेंटू (सोर्सपासून पॅकेजं बांधणारं लिनक्स) चालवायचं आहे. पाय ३ वर जीसीसी कंपाइलर बांधायचं म्हणजे १ जीबी रॅममध्ये स्वॅपचा तमाशा. म्हणून सगळी पॅकेजं पाय ५ वर बांधून बाकी दोघांना बायनरी देणार आहे. सीफ्लॅग्जमध्ये (कंपाइलरला द्यायच्या पर्यायांत) ‘एमसीपीयू=नेटिव्ह’, म्हणजे ‘ज्या मशीनवर बांधतोय त्याचाच प्रोसेसर धर’, चालेल ना?

जुना_सोल्डर:
नेटिव्ह अजिबात नको! कंपाइलर पाय ५ चा कॉर्टेक्स-ए७६ बघणार आणि एलएसई अ‍ॅटॉमिक्ससारख्या (मेमरीतली किंमत एका झटक्यात बदलणाऱ्या), आर्मव्ही८.० या मूळ सूचनासंचानंतर आलेल्या सूचना बिनधास्त वापरणार. पाय ४ चा ए७२ आणि पाय ३ चा ए५३ यांना त्या ठाऊकच नाहीत. पॅकेज गुपचूप इन्स्टॉल होईल आणि चालवलं की ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’. त्यात ग्लिबसी, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती सी लायब्ररीच, तसं बांधलेलं असलं तर शेलसुद्धा नशिबात नाही, कार्ड काढून दुसऱ्या मशीनला लावा.

‘एमआर्च=आर्मव्ही८-ए+सीआरसी’ आणि ‘एमट्यून=कॉर्टेक्स-ए५३’ ठेवा. एमआर्च म्हणजे कुठल्या सूचना वापरायची मुभा आहे. एमट्यून म्हणजे त्या कशा निवडायच्या, कुठल्या क्रमाने लावायच्या. ए५३ इन-ऑर्डर आहे, म्हणजे सूचना आल्या क्रमानेच चालवतो; क्रम चुकला की तो ताटकळतो. ए७२ आणि ए७६ आपलं आपण मागेपुढे करून घेतात, त्यांचे लाड कशाला?

आणि एक्स८६ वरून आला असाल तर सांभाळा: तिकडे एमसीपीयू हे एमट्यूनचं जुनं नाव, आर्मवर मात्र ते आर्च आणि ट्यून दोन्ही ठरवतं.

टर्मिनलवेडा:
मग पाय ५ वर अन्याय नाही का? एलएसई गेलं, क्रिप्टोही (एईएससारख्या एन्क्रिप्शनच्या खास सूचना) गेलं.

जुना_सोल्डर:
काही गेलं नाही. जीसीसी १० पासून ‘आउटलाइन अ‍ॅटॉमिक्स’ मुळातच चालू असतं; एलएसई आहे की नाही हे प्रोग्रॅम चालतानाच बघितलं जातं. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररीही एईएसची चौकशी चालतानाच करतं. निऑन (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना, फीचर्समध्ये ‘एएसआयएमडी’) तर ६४-बिटमध्ये सगळ्यांकडेच आहे. पाय ४ वर सीपीयूइन्फो या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलमधली फीचर्सची ओळ वाचा: ‘एफपी, एएसआयएमडी, ईव्हीटीस्ट्रीम, सीआरसी३२, सीपीयूआयडी’. एईएस नाहीच, त्यामुळे ‘+क्रिप्टो’ लावाल तर पस्तावाल.

बूटलोडर_भाऊ:
जीसीसीऐवजी क्लँग हा कंपाइलर वापरणाऱ्यांनी जास्त जपा. त्याला ‘एमसीपीयू=कॉर्टेक्स-ए७२’ दिलं की तो क्रिप्टो आहेच असं धरून चालतो, जीसीसी तसं करत नाही. वरचा एमआर्च दिला की प्रश्न मिटला. सीपीयू_फ्लॅग्ज_आर्मची (प्रोसेसरच्या कुठल्या सोयी वापरायच्या ते जेंटूला सांगणारी यादी) किंमतही पाय ३ वर काढा, पाय ५ वर नको.

टर्मिनलवेडा:
आणि कर्नल?

बूटलोडर_भाऊ:
तो तुमच्या सीफ्लॅग्जना विचारतच नाही. ६४-बिट आर्म कर्नल बूट होताना प्रोसेसर ओळखून स्वतःचा कोड बदलून घेतो. तुम्ही फक्त ए५३ चा इरेटम ८४३४१९ (प्रोसेसरमधला ज्ञात दोष) टाळण्याचा पर्याय चालू ठेवा, पाय ३ ला तो लागतो.