अनुभव धागा: सोमवार ते शनिवार देवाशी बोलणं कुठं होतं तुमचं?

जय ख्रिस्त मंडळी. काल भक्ती झाल्यावर आवारात चहा पिताना विषय निघाला की रविवार तर सगळ्यांचाच होतो, बाकीच्या दिवसांचं काय? पाळकसाहेब म्हणतात रोज वैयक्तिक मनन करा, आपण मान डोलावतो, घरी गेल्यावर काय होतं ते आपल्यालाच माहीत. तर खरं खरं लिहा, चर्चमध्ये साक्षीला उभं राहिल्यासारखं सजवून नको. माझ्यापासून सुरू करतो. मत्तय 6:6 मध्ये प्रभु म्हणतो खोलीत जा, दार लावून घे, मग प्रार्थना कर. आमचं घर म्हणजेच एक खोली, त्यात सहा माणसं आणि टीव्ही. म्हणून कामावरून येताना संभाजी तलावाजवळ दहा मिनिटं गाडी लावून बसतो आणि हेल्मेट काढत नाही. तेच माझं दार.

नळवाली अक्का
हेल्मेट भारी की ओ भाऊ 😄 आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड, ते पण कधी पहाटे तीनला. बॅरल भरेपर्यंत झोपता येत नाही मग तिथंच पायरीवर बसून बोलते. खरं सांगू का, सुरुवातीला प्रार्थना म्हणजे नुसती तक्रार असायची, शेजारीण नळाला मोटर लावते आणि आमची धार बारीक होते, तर देवा तिचं बघ. मग एका पहाटे वाटलं तिच्यासाठी चांगलं मागून बघावं, तर तोंडातून शब्दच निघेना, पाच मिनिटं नुसती धार बघत बसले. शेवटी तिच्या पोराच्या नोकरीसाठी मागितलं. मोटर अजून लावते ती. पण आता सकाळी बोलतो आम्ही.

टॉवेल कारखान्यातला
मागाचा आवाज इतका की शेजारच्याचे ओठ बघून बोलणं कळतं. याचा एक फायदा, मोठ्यानं गायलं तरी कुणाला ऐकू येत नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतो, अभंगाच्या वळणाची आहेत ना, खटखटीत ठेका आपोआप बसतो. एक गोष्ट लिहू का नको वाटत होतं. चर्चमध्ये मी मराठीत प्रार्थना करतो, नीट, हे परमेश्वरा वगैरे. पण घरची भाषा तेलुगू, आणि मागच्या वर्षी बारकी पोरगी ॲडमिट होती तेव्हा रात्री वऱ्हांड्यात तोंडातून फक्त तंड्री तंड्री एवढंच आलं, म्हणजे बापा. त्यादिवशी पहिल्यांदा वाटलं की मी भाषण करत नाहीये.

रीडिंग प्लॅनवाला
माझं छोटंसं. बायबल ॲपवर सलग 112 दिवस वाचल्याची स्ट्रीक होती, लग्नाच्या गडबडीत तुटली, आणि देवापेक्षा त्या आकड्याचं जास्त वाईट वाटलं. आता कागदी बायबल, रोज असं नाही.

एक मामा
तुम्ही सगळे छान लिहिताय पण माझा अनुभव उलटा आहे. बायको गेल्यापासून दीड वर्ष झालं, प्रार्थनेला बसलो की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. लोक येतात, प्रभूची इच्छा म्हणतात, आणि चहा न घेता जातात. मी स्तोत्र 88 तेवढं वाचतो. बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठंतरी भरवसा नाहीतर स्तुती येते, हे मात्र अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात ठेवलंय. म्हणजे असं बोललेलं त्याला चालत असावं. एवढंच माझं नातं सध्या.

नळवाली अक्का
मामा, वाचून गप्प झाले ओ.

रेल्वे लाईनच्या आजी (नातू टाईप करतोय)
खोली नाही म्हणणाऱ्यांसाठी. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझॅना, एकोणीस बाळंतपणं झालेली बाई, घरात जागा नाही म्हणून एप्रन डोक्यावरून ओढून प्रार्थनेला बसायची असं सांगतात. मी पदर घेते. पदर घेतला की नातवंडं हाक मारत नाहीत. हा नातू सोडून.

टॉवेल कारखान्यातला
मामा, बुधवारी माझी सुट्टी असते. येऊ का? प्रार्थना वगैरे नाही करणार, नुसता चहा.

एक मामा
ये. येताना साखर आण, घरातली संपलीय.