एलसीडी की प्लाझ्मा? घरी वापरलेल्यांनी अनुभव सांगा

मंडळी, नमस्कार. आमच्या एकवीस इंची टीव्हीची पिक्चर ट्यूब संक्रांतीच्या तोंडावर गेली, मेकॅनिक म्हणाला यात आता पैसे घालू नका. २०११ चा क्रिकेट वर्ल्ड कप १९ फेब्रुवारीला सुरू होतोय आणि फायनल २ एप्रिलला आपल्या वानखेडेवर, त्यामुळे घरात सगळ्यांचा एकच धोशा, लवकर आणा. बजेट चाळीस हजारांच्या आसपास. तेवढ्यात एकतर ३२ इंची एलसीडी येतो आणि वर पैसे उरतात, नाहीतर ४२ इंची प्लाझ्मा येतो. तेवढ्याच आकाराचा फुल एचडी एलसीडी बराच महाग आहे. एका दुकानात सांगितलं प्लाझ्मातला गॅस दोन-तीन वर्षांनी भरावा लागतो, दुसऱ्या दुकानात म्हणाले असं काही नसतं, तिसऱ्याने विषय एलईडीवर नेला. घर ठाण्यात, हॉल दहा बाय पंधरा, बाल्कनी पश्चिमेला. टीव्ही दिवसभर चालू, दुपारी आई, संध्याकाळी मुलं, रात्री आम्ही. सध्या साधी केबल आहे.

ज्यांच्या घरी यातला एखादा टीव्ही वर्षभर तरी चाललाय त्यांनी कृपया लिहा. ऐकीव माहिती खूप झाली, घरातला अनुभव हवाय.

*

मी सांगते. कोथरूडला राहतो, ४२ इंची प्लाझ्मा २००९ च्या दिवाळीत घेतला. रात्री दिवे घालवून पिक्चर लावला की जे दिसतं ते मी तरी दुसऱ्या कुठल्या टीव्हीवर पाहिलेलं नाही. काळा म्हणजे काळाच. नणंदेकडे त्याच सुमारास घेतलेला एलसीडी आहे, त्यावर रात्रीचा सीन आला की सगळा पडदा राखाडी होतो, काळा कोट घातलेला माणूस अंधारात उभा असेल तर कोट कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते कळत नाही, आमच्याकडे त्याच कोटाची कॉलर आणि शिवण दिसते. माझ्या भावाने समजावलं ते असं की एलसीडीत मागे दिवे सतत चालू असतात आणि पुढचं पॅनल तो उजेड अडवतं, पूर्ण अडत नाही म्हणून राखाडी, प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, जिथे काळं हवं तिथे तो जवळजवळ विझलेलाच असतो.

आता दुसरी बाजू. सासूबाईंची सिरियल दुपारी दोनला आणि टीव्हीच्या बरोब्बर समोर खिडकी. पुढची काच गुळगुळीत, तिच्यात अख्खी खिडकी दिसते, ग्रिल, तिच्यामागे दोरीवरचे कपडे, सगळं. शेवटी जाड पडदे शिवून घेतले आणि दुपारी ते ओढून ठेवतो, त्यांना तेवढं जमतं. तुमची पश्चिमेची बाल्कनी म्हणजे चारनंतर ऊन थेट आत येणार, तेव्हा टीव्ही कुठल्या भिंतीवर लागणार ते आधी बघा, मग दुकानात जा.

*

आम्ही चोपड्याकडचे, जळगाव जिल्हा. आमच्याकडे लोडशेडिंग आहे, त्यामुळे सगळा हिशोब इन्व्हर्टरपासून सुरू होतो. ३२ इंची एलसीडी घेतला, मागच्या पट्टीवर १३० वॅट लिहिलंय, इन्व्हर्टरवर एक पंखा, एक ट्यूब आणि टीव्ही आरामात चालतो. चुलतभावाच्या प्लाझ्माच्या पट्टीवर याच्या दुपटीपेक्षा जास्त आकडा आहे. तो म्हणतो तेवढी वीज कायम खात नाही आणि ते खरं आहे, प्लाझ्माचं खाणं चित्रावर असतं, अंधाराचा सीन असला की कमी, पांढराशुभ्र पडदा असला की जास्त, पण इन्व्हर्टरला तो जास्तीचा क्षणसुद्धा झेपावा लागतो ना. त्याचा इन्व्हर्टर ऐन ओव्हरमध्ये बसायचा म्हणून शेवटी मोठा घेतला, तो खर्च टीव्हीच्या किमतीत धरायला हवा. ठाण्यात तुम्हाला हा त्रास नसेल तर बिलाची फार काळजी करू नका. सरासरी ८० वॅटचा फरक धरला, रोज सहा तास, तर महिन्याला साडेचौदा युनिटच्या आत येतं, युनिटला पाच रुपये धरले तरी सत्तर-बहात्तर रुपये.

*

कोल्हापुरात टीव्हीच्या दुकानात बरीच वर्षं काम करतोय, ओळख देत नाही पण जे रोज बघतो ते लिहितो.

दुकानात एलसीडी चांगला दिसतो आणि प्लाझ्मा मळकट दिसतो याचं पहिलं कारण आमच्या छतावरच्या ट्यूबलाइट. तुमच्या हॉलमध्ये दोन ट्यूब असतील, आमच्याकडे ओळीच्या ओळी असतात. त्या उजेडात एलसीडीचा भगभगीतपणा उठून दिसतो आणि प्लाझ्माचा काळा रंग, जो त्याचा खरा गुण, तो दिसतच नाही. दुसरं म्हणजे डिस्प्लेचे सेट सगळे डायनॅमिक किंवा व्हिव्हिड मोडवर लावलेले असतात आणि त्यावर कंपनीचं डेमो चित्रण चालू असतं, ब्लू-रेच्या दर्जाचं, पोपट, फुलं, धबधबे. घरी गेल्यावर तुमची केबल लागणार. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी फोन करतं की टीव्ही खराब दिला, चित्र पुसट आहे. टीव्ही चांगला असतो हो, सिग्नल ५७६ ओळींचा, तोही केबलवाल्याच्या वायरीतून मुंग्या घेऊन आलेला, आणि तो ४२ इंचांवर ताणलाय. जुन्या एकवीस इंचीवर हेच दोष झाकले जायचे.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, दुकानात रिमोट मागा, मोड स्टँडर्डवर आणा आणि साधा चॅनल लावायला सांगा. मॅच चालू असेल तर फारच छान, बॉल सीमारेषेकडे जाताना शेपटी सोडतो का बघा, कॅमेरा वेगात वळला की मैदानाचं गवत गुळगुळीत होतं का बघा. स्वस्त एलसीडीवर ते होतं, प्लाझ्मावर फारच कमी. आणि लेबल नीट वाचा. ४२ इंची एचडी रेडी (म्हणजे फुल एचडीहून कमी ठिपक्यांचा) प्लाझ्मा १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो, ३२ इंची एचडी रेडी एलसीडी बहुतेक १३६६ गुणिले ७६८. आठ-नऊ फुटांवरून केबल बघताना हा फरक जाणवत नाही, पण जवळ बसणार असाल तर प्लाझ्मावर ठिपके दिसतात. बजेटमधून काही उरलं तर एचडीचा सेटटॉप बॉक्स घ्या. मागच्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या, ज्यांनी तेव्हा बॉक्स लावला होता त्यांचे टीव्हीबद्दल तक्रारीचे फोन मला आले नाहीत.

*

दिवसभर चालू असणाऱ्या टीव्हीबद्दल माझं ऐका. माझा नांदेडला दवाखाना आहे, वेटिंगमध्ये लोकांसाठी प्लाझ्मा लावला होता, सकाळी नऊ ते रात्री नऊ एकच बातम्यांचा चॅनल. तीन-चार महिन्यांत खालची ब्रेकिंग न्यूजची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो पडद्यावर कायमचा बसला. चॅनल बदलला तरी निळ्या आकाशात त्या पट्टीची सावली दिसते, अक्षरांच्या जागी फिकट डाग. पेशंटसुद्धा विचारतात डॉक्टर हे काय. यात टीव्हीचा दोष मी मानत नाही, माहितीपुस्तकात स्थिर चित्र फार वेळ ठेवू नका असं लिहिलेलंच असतं, पण दुकानात कुणी बोललं नव्हतं. घरचा प्लाझ्मा मात्र अगदी ठणठणीत आहे कारण तिथे चॅनल सतत बदलतात. तासभर मॅच बघून बंद केला तर स्कोअरबोर्डची पुसट खूण थोडा वेळ दिसते आणि जाते, ते वेगळं, त्याला घाबरायचं कारण नाही. नवीन असताना पहिले शे-दोनशे तास ब्राइटनेस, कंट्रास्ट कमी ठेवला आणि चित्र पूर्ण पडदाभर ठेवलं तर हा धोका बराच कमी होतो.

वेटिंगसाठी आता एलसीडी आणलाय. बातम्या, शेअर बाजाराच्या पट्ट्या, दिवसभर एकच चॅनल, असं असेल तर एलसीडीच घ्यावा असं मी ठामपणे सांगेन.

*

कॉम्प्युटर जोडणार असाल, मुलं गेम खेळणार असतील तर एलसीडी. गेममध्ये एका कोपऱ्यात नकाशा, दुसऱ्यात गोळ्यांचा आकडा, तासन् तास तिथेच. एवढंच.

*

डॉक्टरांनी चित्र पडदाभर ठेवा म्हटलंय त्यावर आमच्या घरची गोष्ट. आम्ही साताऱ्याजवळ, एकत्र कुटुंब, रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीसमोर दहा-अकरा माणसं. आजोबा झोपाळ्यावर, म्हणजे टीव्हीच्या पार बाजूला, पोरं सतरंजीवर आडवी, बायका स्वयंपाकघराच्या दारात. दुकानात आपण टीव्हीच्या बरोबर समोर उभे राहून बघतो, घरात समोर बसायला मिळतं एक-दोघांना. मोठ्या काकांनी आधी एलसीडी आणला होता, झोपाळ्यावरून रंग उडालेले दिसायचे आणि सतरंजीवरून माणसांचे चेहरे काळवंडलेले. पोरांची जागेवरून भांडणं. नंतर वरच्या मजल्यावर प्लाझ्मा आला आणि सगळी मंडळी वर जायला लागली, त्याचं चित्र कुठूनही बघा, सारखंच. (सगळे एलसीडी असे नसतात, आयपीएस पॅनलचे बाजूने बरे दिसतात, पण स्वस्तातल्यात ते मिळेलच असं नाही, म्हणून दुकानात खाली उकिडवं बसून बघा, लाजू नका.)

आता पडदाभर चित्राचं. केबलचं चित्र चौकोनी आणि टीव्ही लांबट, ताणलं की सगळ्यांची तोंडं चपटी. आजीला ते अजिबात खपेना, म्हणाली माणसं माणसांसारखी दिसू देत. मग चित्र मधोमध आणि दोन्हीकडे काळे पट्टे. प्लाझ्मावर हे रोज केलं तर मधला भाग जास्त झिजतो आणि पट्ट्यांच्या कडा उमटतात, म्हणून आम्ही मेनूमध्ये शोधून पट्टे करडे केले आणि सिनेमा मात्र पडदाभर लावतो. आतापर्यंत काही उमटलेलं नाही.

*

वानखेडेवरची फायनल आम्ही इथे अमेरिकेत कोलोरॅडोत पहाटे उठून बघणार, म्हणून विषय जिव्हाळ्याचा. पायोनियरने फेब्रुवारी २००९ मध्ये टीव्हीचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं तेव्हा त्यांचा कुरो नावाचा प्लाझ्मा मी घाईघाईने घेतला, चित्राबद्दल पहिल्या ताईंनी लिहिलंय त्याच्याशी शंभर टक्के सहमत. पुढे आम्ही डेन्व्हरहून आणखी वर डोंगरात, साडेआठ हजार फुटांवर राहायला आलो आणि टीव्ही गुणगुणायला लागला. पडदा उजळला की आवाज वाढायचा, अंधार झाला की कमी. त्याचं कारण समजून घेतलं. प्लाझ्माच्या दोन काचांमध्ये बारीक बारीक खोल्या असतात, त्यात निऑन आणि झेनॉन वायू, वीज दिली की त्यातून अतिनील किरण निघतात आणि ते लाल, हिरव्या, निळ्या लेपावर पडून रंग दिसतो. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे बाहेरची हवा काच घट्ट दाबून धरते. उंचीवर हवा विरळ, काच तेवढी दाबली जात नाही आणि थरथरते. ठाण्याला याचा काही संबंध नाही, पण लेहला किंवा हिमाचलात वर कुठे पोस्टिंग असलेल्यांनी पुस्तकातला उंचीचा आकडा वाचूनच घ्यावा.

वायू भरायचा असतो हे मात्र साफ खोटं. पॅनल कारखान्यात कायमचं बंद केलेलं असतं, भरायला भोकच नाही. कंपन्या एक लाख तासांनी उजेड निम्मा होईल असं सांगतात, रोजचे आठ तास धरले तर ती चौतीस वर्षं झाली.

*

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. बाल्कनीसमोरची भिंत सोडून बाजूच्या भिंतीवर टीव्ही लागतो का ते आज टेप घेऊन मोजलं, लागतो. एक राहिलंच, एलईडी म्हणजे नक्की काय, हा तिसरा प्रकार आहे का? आणि दुरुस्तीचं कसं?

*

नागपूरला दुरुस्तीचं काम करतो, दोन्ही प्रकार रोज टेबलावर येतात.

एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच. फरक मागच्या दिव्यांचा. आधी मागे बारीक फ्लुरोसंट नळ्या असायच्या, आता त्या जागी एलईडी, बरेचदा फक्त कडेला. त्यामुळे टीव्ही पातळ होतो आणि वीज कमी लागते. काळा रंग आपोआप सुधारतो असं नाही, उलट कडेला दिवे असले तर अंधाऱ्या सीनमध्ये कोपरे उजळलेले दिसतात. जास्तीचे दहा-पंधरा हजार त्या नावासाठी देऊ नका, वीज आणि जाडी हवी असेल तर द्या.

दुरुस्तीत दोन्हीकडे सगळ्यात जास्त जातो तो पॉवर सप्लाय. होल्टेज वरखाली झालं की कपॅसिटर फुगतात, झाकण वर आलेलं डोळ्यांनी दिसतं, काम दोन-तीन हजारांत होतं. पॅनल गेलं तर मात्र दोन्हींचं सारखंच, नवीन टीव्हीच्या जवळपास पैसे, मी स्वतःच गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगतो. म्हणून चांगला स्टॅबिलायझर घ्या आणि विजा चमकायला लागल्या की प्लगसोबत केबलची वायरसुद्धा काढा. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या सेटमध्ये वायरीतून झटका आलेले बरेच असतात.

प्लाझ्मा घेणार असाल तर अजून दोन गोष्टी. वजन पंचवीस-तीस किलोच्या घरात जातं, प्लायच्या पार्टिशनवर लटकवू नका, विटांची भिंत बघा, आणि वर चार बोटं जागा सोडा, तो तापतो. आणि घरी आणताना खोक्यावर बाण असतो तसा उभाच आणायचा. टेम्पोवाला आडवा टाकायला बघतो कारण त्याला सोपं पडतं, पण एवढी मोठी काच आडवी ठेवली की खड्ड्यात मध्ये दबते आणि बाहेरून ओरखडाही न दिसता आत तडा जातो. डिलिव्हरीच्या दिवशी सुट्टी काढा, खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा, टीव्ही चालू करून पूर्ण पांढरा पडदा बघा आणि मगच चलनावर सही करा.